ळचा घन

ई-मेल लिहिण्यावाचण्याचा एक जुना प्रोग्राम होता, त्याचं नाव युडोरा. स्टीव्ह डॉर्नर यांनी तो १९८८मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात असताना लिहिला आणि त्याला कथालेखिका युडोरा वेल्टी यांचं नाव दिलं. वेल्टी यांची ‘व्हाय आय लिव्ह ॲट द पी. ओ.’ नावाची कथा आहे. घरच्यांशी भांडण झाल्यावर आपलं सामानसुमान उचलून पोस्टातच राहायला गेलेल्या बाईची ती गोष्ट. टपालाचा प्रोग्राम लिहिता लिहिता डॉर्नर यांना आपलाही मुक्काम पोस्टातच पडलाय असं वाटू लागलं होतं, म्हणून हे नाव.

युडोरा मी कधी वापरला नाही, पण पोस्टात राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, राहते बेंगळुरूला. हैदराबादला तौलनिक साहित्यात एम. ए. करत होते तेव्हा अनुवादाच्या पेपरात मूळ संहिता आणि अनुवादित संहिता अशा दोन वस्तू असत आणि आम्ही त्यांची तुलना करत असू. त्या दोन वस्तूंच्या मध्ये जे असतं त्याला पेपरात जागा नव्हती. लेखकाला विचारलेले प्रश्न, आलेली उत्तरं, न आलेली उत्तरं, प्रुफांवरून झालेले रुसवेफुगवे, मानधनाची आठवण करून देणारी तीन तीन पत्रं. काम करू लागले तेव्हा कळलं की अनुवादकाचं निम्मं आयुष्य तिथेच जातं. माझं ते निम्मं आयुष्य २००६पासून थंडरबर्ड नावाच्या प्रोग्राममध्ये साठत गेलं. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ची, म्हणजे तोही तेव्हा माझ्यासारखाच उमेदवारी करत होता.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकाची हार्ड डिस्क कुरकुर करू लागली. दुरुस्तीवाल्या मुलाने वेळीच तिच्यातलं सगळं बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतलं, नवी डिस्क बसवली, विंडोज नव्याने घातली आणि ‘एकही फाइल गेली नाही, मॅडम’ असं सांगून तो पैसे घेऊन गेला. त्याचं म्हणणं खरं होतं. मी थंडरबर्ड पुन्हा डाउनलोड केला, उघडला, आणि त्याने मला माझं नाव विचारलं. इतक्या वर्षांचा शेजार, आणि आपण कोण?

पत्रं गेली नव्हती. पोस्टमन नवा आला होता आणि जुन्या घराचा पत्ता त्याला कुणी दिला नव्हता, एवढंच. अशा वेळी पहिल्यांदा पाहायचं ते खातं कोणत्या पद्धतीचं आहे. माझं आजचं खातं आयमॅप पद्धतीचं आहे. त्यातली पत्रं सर्व्हरवर राहतात, आपल्या संगणकावर दिसते ती त्यांची प्रत. पासवर्ड दिला आणि चहा होईपर्यंत ती सगळी परत येऊ लागली. जुनं खातं पॉप पद्धतीचं होतं. त्या काळी सर्व्हरवर जागा मोजकी मिळे, म्हणून पत्र एकदा आपल्याकडे उतरवून घेतलं की तिथून ते पुसलं जाई. ती इंटरनेट सेवा बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे २००६ ते २०१५ एवढ्या काळाचा माझा पत्रव्यवहार साऱ्या जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण माझ्या टेबलावर खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी पडलेल्या, तळहाताएवढ्या बाहेरच्या डिस्कमध्ये होतं.

एरवी हे काम मी दिवाळीनंतर केलं असतं. पण प्रकाशकांचं पत्र आलेलं होतं आणि त्यात पंधरा दिवसांची मुदत होती.

२०११मध्ये मी एका कन्नड लेखिकेच्या कथांचा संग्रह मराठीत आणला होता. मी त्यांना अक्का म्हणत असे, इथेही तेच म्हणते. अक्का आता नाहीत. संग्रहातल्या शेवटच्या कथेत तिशीतली एक बाई नवऱ्याचं घर सोडून निघते. उंबऱ्याशी सासू शेंगा सोलत बसलेली असते. कन्नडमध्ये घरातून निघणारं माणूस ‘होगि बर्तीनि’ म्हणतं, म्हणजे जाऊन येते. नुसतं ‘होग्तीनि’, जाते, असं म्हणत नाहीत. आपल्याकडेही तेच. निघताना ‘येते’ म्हणायचं, आणि चुकून ‘जाते’ तोंडातून गेलं की घरातलं वडीलधारं माणूस ‘येते म्हणावं’ असं दटावतं. कथेतली बाई ‘होग्तीनि’ म्हणते. छापील कन्नड कथेत त्यापुढे आणखी एक वाक्य आहे. परत येण्याचा शब्द तिने जाणूनबुजून गिळला, असं ते वाचकाला सांगतं. मराठी अनुवादात ते वाक्य नाही. मराठीत कथा ‘जाते’ या शब्दावर संपते.

एका अभ्यासकाने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली आणि आपल्या लेखात दाखवून दिलं की अनुवादिकेने मूळ कथेचा शेवट कापला आहे. कथेला शहरी, आधुनिक वळण देण्यासाठी तो कापला, असा त्यांचा निष्कर्ष. लेख नेटका होता. एम. ए.ला असते तर मीही हाच मुद्दा काढला असता आणि चांगले गुण मिळवले असते. प्रकाशक नवी आवृत्ती काढायच्या तयारीत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वाक्य परत घाला, किंवा लेखिकेची संमती दाखवा.

संमती होती. मला ती लख्ख आठवत होती. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याची आठवण कोण धरतो?

थंडरबर्ड आपली पत्रं एका प्रोफाइलमध्ये ठेवतो. विंडोजमध्ये हे प्रोफाइल ज्या फोल्डरच्या पोटात असतं तो फोल्डर लपवलेला असतो. लपलेलं दाखव, असं सांगावं लागतं, मग तो फिकट रंगात दिसू लागतो. आत गेलं की कुणी डोळे मिटून टंकल्यासारखी आठ अक्षरं-आकडे आणि पुढे ‘डिफॉल्ट’ असं नाव असलेला आणखी एक फोल्डर. हेच ते घर. पत्रं, पत्ते, गाळण्या, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यात. तो अख्खा फोल्डर नव्या डिस्कवर आणायचा, प्रोग्राम बंद ठेवून त्याचा प्रोफाइल मॅनेजर उघडायचा आणि या घराकडे बोट दाखवायचं. वर्णन करायला लागतो त्याहून कमी वेळ करायला लागतो.

घरात शिरल्यावर मी आधी जुन्या इनबॉक्सची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली. हे करायची गरज नव्हती, पण आपल्या नऊ वर्षांचं वजन किती भरतं ते पाहावंसं वाटलं. एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापाठोपाठ एक लिहिलेली असतात. युनिक्सच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत, तिला एमबॉक्स म्हणतात. दोन पत्रांच्या मध्ये भिंत नाही, कप्पा नाही. एखादी ओळ इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि त्यापुढे मोकळी जागा अशी सुरू झाली की तिथून नवं पत्र सुरू झालं असं समजायचं. आता पत्राच्या मजकुरातच कुणी ‘फ्रॉम’ने ओळ सुरू केली तर? तर त्या शब्दाआधी बाणाच्या टोकासारखी एक खूण घालतात, म्हणजे पत्राचे दोन तुकडे होत नाहीत. जुन्या इंग्रजी पत्रांत हे टोक अधूनमधून विनाकारण उगवलेलं दिसतं ते यामुळे. आपल्या पोथ्याही शब्द न तोडता सलग लिहिलेल्या असत आणि कुठे थांबायचं ते दंडावरून कळे. एका शब्दाच्या भरवशावर चालणारी व्यवस्था मला परकी वाटली नाही.

प्रत्येक फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी एम-एस-एफ लागलेली एक छोटी फाइल असते. ती अनुक्रमणिका. यादीत दिसणारे विषय, तारखा, नावं तिच्यातून येतात. माझ्या काही फोल्डरांच्या अनुक्रमणिका बिघडल्या होत्या. यादीतल्या एका नावावर टिचकी मारावी आणि दुसऱ्याच कुणाचं पत्र उघडावं. अशा वेळी फोल्डर दुरुस्त करायची आज्ञा देतात, मग प्रोग्राम अनुक्रमणिका फेकून देतो आणि मूळ फाइल वाचून नवी बनवतो. मी ती आज्ञा दिली. याद्या जुळल्या. पत्रं उघडली, आणि अक्कांच्या पत्रांत कन्नड नव्हतं.

इथे थोडं थांबते, कारण या अंकाच्या वाचकांनी आपापल्या लिपीत हा प्रकार कधी ना कधी पाहिलेला असणार. युनिकोडच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. पत्राच्या माथ्यावर ‘हे युनिकोड आहे’ अशी नोंद असली तर प्रोग्राम तीन-तीनचा घास घेतो. नोंद नसली, आणि त्या काळच्या कित्येक पत्रांवर ती नसे, तर तो एकेक बाइट सुटा वाचतो आणि प्रत्येकाला पश्चिम युरोपच्या टाइपरायटरवरचं एकेक चिन्ह समजतो. माझ्या जुन्या मांडणीत या फोल्डरची लिपी मी ठरवून दिलेली होती. ती नोंद जुन्या अनुक्रमणिकेत होती, तिच्याबरोबर गेली.

मग ‘मराठी’ हा शब्द कसा दिसतो? प्रत्येक अक्षराआधी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि त्यापाठोपाठ चलनाचं चिन्ह हे दोघे द्वारपालासारखे उभे. त्यांच्या मागून ‘म’च्या जागी नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा वर्तुळातला आर. ‘र’च्या जागी तापमानाचं अंशचिन्ह. कान्याच्या जागी पाऊण. ‘ठ’च्या जागी काहीच नाही, कोरी जागा. दुसऱ्या वेलांटीपाशी द्वारपाल बदलतो, चलनाच्या जागी जपानी येन येतो, आणि शेवटी युरो. अख्खी भाषा अशी पेढीवर जाऊन बसलेली.

पहिल्या रात्री मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या रात्री वाचता येऊ लागलं. आपल्या नऊ लिपींना युनिकोडमध्ये जागा देताना इस्की या भारतीय प्रमाणाचा आराखडा घेतलेला आहे. प्रत्येक लिपीला सारख्या आकाराचा वाडा, आणि प्रत्येक वाड्यात त्याच अक्षराची त्याच क्रमांकाची खोली. त्यामुळे पडझड झाली तरी ती सारख्याच रीतीने होते. पहिला बाइट नवांचाही एकच, तो रेघवाला ए. दुसऱ्यावरून वाडा कळतो. देवनागरीला चलनाचं चिन्ह, बंगालीला मधोमध तुटलेली उभी रेघ, कन्नडला वर चढवलेला दोन, म्हणजे गणितातला वर्ग. तिसऱ्यावरून खोली कळते, आणि ती सगळ्यांची जुळते. देवनागरीतल्या ‘ल’चं तिसरं चिन्ह वर्गाचा दोन आहे, तर कन्नडमधल्या ‘ल’चंही तेच. त्याच्या पुढच्या खोलीत ‘ळ’ राहतो. ‘ळ’चं चिन्ह वर चढवलेला तीन. देवनागरीत घन, कन्नडमध्ये घन, मल्याळममध्येही घन.

हिंदीच्या वर्णमालेतून वगळलेला, इंग्रजीत लिहिता न येणारा, मराठी माणूस कानडी मुलखाशी ज्या अक्षराच्या धाग्याने बांधला गेलाय तो ‘ळ’. अक्कांची सुरुवातीची पत्रं रोमन लिपीत कन्नड लिहिलेली होती, त्यांत त्या ‘ळ’साठी मोठा एल वापरत. शब्दाच्या पोटात मध्येच एक मोठा एल उभा राही, गर्दीत उंच माणूस दिसावा तसा. २००९च्या सुमाराला त्या कन्नड लिपीकडे वळल्या. आता त्याच पत्रांत मी पडद्यावर बोट फिरवत वर्गाचा दोन आणि घनाचा तीन शेजारी शेजारी कुठे येतात ते शोधत होते. ते आले की कळायचं, इथे ‘ळ’ आहे. मग ‘हेळु’, सांग. ‘केळु’, ऐक. अक्कांच्या पत्रांत या दोन क्रियापदांशिवाय परिच्छेद सरत नसे.

हे कोडं सोडवायची तशी गरज नव्हती. मेनूमध्ये मजकुराचं एन्कोडिंग दुरुस्त करायची सोय आहे, आणि बहुतेक पत्रं एका टिचकीसरशी कन्नड झाली. काही मात्र झाली नाहीत. ज्या पत्रांना कुणीतरी मोडक्या अवस्थेतच उत्तर दिलं होतं किंवा पुढे धाडलं होतं, त्यांत मोडकेपणाच पक्का होऊन बसला होता. जोडलेल्या जुन्या फाइलींचा प्रश्न वेगळा. त्या नुडी आणि बरहाच्या फाँटांत होत्या, माझे मराठी खर्डे श्रीलिपीत. फाँट आणून बसवले की त्या उघडतात, ते काम अजून चालू आहे.

वाक्याचं पत्र शोधून सापडेना. कारण अक्कांची सवय. नवं पत्र लिहायचं तर त्या माझं हाताशी असलेलं कुठलंही जुनं पत्र उघडत आणि त्यालाच उत्तर देत. विषय जुनाच राही. ‘बिळि’ म्हणजे शुभ्र की नुसतं पांढरं, यावरची आमची मोठी चर्चा ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ या नावाखाली आहे. म्हणून मी २००६पासून क्रमाने वाचायला बसले. चारशेच्या वर पत्रं, माझी धरून त्याच्या दुप्पट. चार रात्री लागल्या. जे हवं होतं ते ‘रेल्वेच्या तिकिटाबद्दल’ या विषयाखाली मिळालं, फेब्रुवारी २०१०मध्ये.

तिथे एक पत्र नव्हतं, तीन होती. मी विचारलं होतं की ‘जाते’ या शब्दानंतर मराठीत पुढचं वाक्य जड होतंय. पण ते तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तसं करीन. पहिलं उत्तर त्याच दिवसाचं, दोन ओळींचं. छापलंय ते छापलंय, राहू द्या. दुसरं आठ दिवसांनी, रात्री पावणेदोनला लिहिलेलं. ते मी मराठीत देते:

‘तुझ्या प्रश्नाने माझी झोप गेली. ते वाक्य माझं नाही. मासिकात कथा दिली तेव्हा संपादक म्हणाले, शहरातल्या वाचकाला कळणार नाही, एक ओळ घालतो. मी तेव्हा नवीन होते, हो म्हटलं. पुढे संग्रह निघाला तेव्हा हस्तलिखित कुठे होतं, मासिकाचं कात्रणच छापखान्यात गेलं. माझी बाई होग्तीनि म्हणून निघाली होती, त्यांनी तिला दारात थांबवून तिच्याकडून कारण वदवून घेतलं. मराठीत तिला जाऊ दे. पण ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, त्यांनी मला खूप शिकवलं. ते आहेत तोवर हे आपल्या दोघींत राहू दे.’

तिसरं दुसऱ्या दिवशी दुपारी. मराठी बायका खरंच निघताना ‘येते’ म्हणतात ना? पुस्तकात पाहून सांगू नकोस, तुझ्या आईला विचार. माझं उत्तर त्याखाली आहे. आई म्हणाली, म्हणतात, आणि ‘जाते’ म्हणून निघालेल्या बाईला कुणी परत बोलवायला जात नाही.

माझी आठवण खरी ठरली होती. तरी चार रात्री क्रमाने वाचत आल्यामुळे एक गोष्ट दिसली, जी आठवणीत नव्हती. या दुसऱ्या पत्रापर्यंत अक्का मला ‘नीवु’ म्हणत, तुम्ही. या पत्रात पहिल्यांदा ‘नीनु’ आलं, तू. त्यानंतर शेवटपर्यंत तेच राहिलं. रात्री पावणेदोनला त्यांनी आपल्या कथेतलं एक परकं वाक्य काढून टाकलं आणि त्याच हाताने सर्वनाम बदललं. तेव्हा मला फक्त संमती दिसली असणार. छापखाना डोक्यावर होता.

ते संपादकही आता हयात नाहीत, मासिक तर केव्हाच बंद पडलं. अक्कांनी घातलेली अट संपली होती. पण पत्र माझ्याकडे आहे म्हणून ते माझं होत नाही. कायद्याने कागद ज्याला आला त्याचा, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या माघारी वारसांचा. म्हणून प्रकाशकांना कळवण्याआधी मी मैसुरूला अक्कांच्या मुलीला लिहिलं. तिचं उत्तर आलं त्यात एक अशी गोष्ट होती जिचा मी विचार केलेला नव्हता. आईच्या खात्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. आईचा संगणक घर आवरताना दिला गेला. ‘तुमच्याकडे अम्मांची किती पत्रं आहेत? मला सगळी मिळतील का?’

ग्रंथालयांनी लेखकांच्या ई-मेलकडे कधीच लक्ष दिलेलं आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचे कागद घेतले त्यांत त्यांचे जुने संगणकही होते, आणि २०१०मध्ये ते वाचकांना खुले झाले. ब्रिटिश लायब्ररीने २०११मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह घेतला त्यात सुमारे ४०,००० ई-मेल होते. आपल्याकडे पत्रं टिकली ती बहुधा ज्यांना आली त्यांनी ट्रंकेत जपली म्हणून. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींची मराठी पत्रं आज खंडांतून वाचायला मिळतात ती अशीच. सुनीताबाई देशपांड्यांना जी. एं.नी लिहिलेली पत्रं एका पुस्तकात आहेत आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली ‘प्रिय जी. ए.’ या दुसऱ्या पुस्तकात. दोन्ही समोर उघडी ठेवून वाचावं लागतं. ई-मेलमध्ये दोन्ही बाजू एकाच घरात असतात, आणि तोच माझ्यापुढचा पेच होता. त्या घरात इतर माणसांबद्दलही बोललं गेलं होतं.

मुलीबद्दलही. तिने याच कथेचा इंग्रजी अनुवाद केला होता आणि तो एका संकलनात आला होता. अक्कांनी तिला छान झालाय म्हणून सांगितलं. मला मात्र २०१३मध्ये लिहिलं होतं की इंग्रजीत माझी बाई नुसतीच निघून जाते, तिने जाताना काय मोडलं ते कळतच नाही. आणि पुढे, हे तिला सांगू नकोस, तिने फार हौसेने केलंय.

इथे ‘ती आहे तोवर’ किंवा ‘मी आहे तोवर’ अशी मुदत नव्हती. दोन दिवस मी काहीच केलं नाही. ते एक पत्र बाजूला काढून बाकीची पाठवणं सोपं होतं. एमबॉक्स फाइल एडिटरमध्ये उघडायची, ‘फ्रॉम’पासून ‘फ्रॉम’पर्यंत ओळी निवडायच्या आणि पुसायच्या. मागे खूणही राहत नाही. पण एका वाक्याच्या वजाबाकीचा हिशेब देण्यासाठीच तर मी हे सारं उकरून काढलं होतं. शेवटी तिला लिहिलं: पत्रं तुमची आहेत, सगळी पाठवते. त्यांत अक्का अनेकांबद्दल मोकळेपणाने बोलल्या आहेत, तुमच्याबद्दलही. काही गोष्टी तुम्हाला सांगायच्या नव्हत्या. हवं तर आधी फक्त त्या कथेबद्दलची तीन पत्रं पाठवते, बाकीचं तुम्ही म्हणाल तेव्हा.

तिचं उत्तर आठवड्याने आलं. ‘माझ्या अनुवादाबद्दल असेल तर मला ठाऊक आहे. ते पुस्तक घरी आलं तेव्हा अम्मांनी ते दोन्ही हातांत धरून माझं नाव वाचलं, पाठीवर हात ठेवला आणि पुस्तक कपाटात ठेवलं. त्यांना आवडलेलं पुस्तक त्या कपाटात ठेवत नसत, उशाशी ठेवत. सगळी पाठवा.’ हा मजकूर इथे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे.

प्रकाशकांना तीन पत्रांच्या प्रती आणि माझा अनुवाद गेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. अभ्यासकांनाही मी लिहिलं. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं आणि त्यात एक मार्मिक प्रश्न होता. मग आता मूळ संहिता कोणती म्हणायची? छापील कन्नड, की जी कन्नडमध्ये कधी छापलीच गेली नाही आणि फक्त मराठीत वाचायला मिळते ती? मला याचं उत्तर देता आलं नाही. एम. ए.ला असते तर या प्रश्नावर सबंध प्रबंध लिहिला असता. नव्या आवृत्तीत शेवटी दोन ओळींची टीप असेल, आणि कथा ‘जाते’वरच संपेल.

मैसुरूला मी ती अख्खी फाइल पाठवली, आणि सोबत प्रोग्राम कसा बसवायचा, फाइल कुठे ठेवायची याची क्रमवार यादी. तिचा फोन आला तो अपेक्षित प्रश्न घेऊन, की सगळीकडे हे छोटे छोटे दोन आणि तीन कसले? मी तिला मेनू सांगितला. मग दोन महिने काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं, इंग्रजीत, विषय ‘रेल्वेच्या तिकिटाबद्दल’. आईच्याच पत्राला तिने उत्तर दिलं होतं. ती कथा पुन्हा इंग्रजीत करायला घेतली आहे, संपादकांचं वाक्य काढून. आता अडचण अशी की कन्नडमध्ये होग्तीनि आहे आणि बर्तीनि आहे, मराठीत जाते आहे आणि येते आहे. इंग्रजी बाई दारातून निघताना जाते असंच म्हणते, तिच्याकडे मोडायला दुसरा शब्दच नाही. टीप द्यायची नाही, कारण टीप म्हणजे पुन्हा संपादकांचं वाक्य. तिने एक तोड सुचवली आहे. आधीच्या पानावर, बाजाराला निघताना, त्याच बाईच्या तोंडी ‘जाऊन येते’ हे जसंच्या तसं इंग्रजीत घालायचं, कानाला खटकलं तरी चालेल, म्हणजे शेवटी त्यातलं अर्धं गळालेलं ऐकू येईल. मी तिला लिहिलं की बाजाराचा प्रसंग मूळ कथेत आहे, पण तिथे बाई काही न बोलता पिशवी घेऊन निघते. मग तिथे शब्द घालायचे कुणी?

यावर तिचं उत्तर अजून यायचं आहे.